विश्लेषण : तिसरीचे वर्ष इतके महत्त्वाचे का? पळस्पेसारख्या गावातील वर्गात जून ते एप्रिल काय घडते?

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मूल घरी आले की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. आज काय शिकवले? आणि परीक्षा कधी आहे? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही' असे येते. दुसऱ्याचे उत्तर पालकांच्या लहानपणाइतके सोपे राहिलेले नाही. दरम्यान, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिंडी, वृक्षारोपण, बालबाजार, सहल अशी छायाचित्रे येत राहतात आणि 'मग अभ्यास होतो तरी केव्हा?' ही शंका बळावते. मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा महामार्ग जिथे वेगळे होतात त्या पळस्पे (ता. पनवेल, जि. रायगड) परिसरात ही शंका अधिकच तीव्र आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस दारापर्यंत येतात. त्यामुळे मराठी शाळेत मुलाला ठेवायचे की काढायचे, हा निर्णय बऱ्याच घरांत तिसरी-चौथीच्या सुमारास होतो. म्हणूनच या वर्षभरात वर्गात नेमके काय शिकवले जाते, त्यातील कोणती गोष्ट चुकली तर महागात पडते आणि ती पालकांना घरबसल्या कशी ओळखता येते, हे समजून घ्यायला हवे.

तिसरीच का?

पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि चौथीपासून वाचून शिकते. या दोहोंमधला पूल म्हणजे तिसरी. या टप्प्यावर ज्याला सलग वाचता येत नाही, त्याला पुढे इतिहास, विज्ञान किंवा गणितातील शाब्दिक उदाहरणे यांपैकी काहीच धड समजत नाही. विषय कठीण असतो असे नाही. पान वाचण्यातच सगळी शक्ती खर्च होते.

केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानाने हीच रेषा आखली आहे. २०२६-२७ पर्यंत देशातील प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावे, लिहिता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तिसरीसाठीची अपेक्षा ठोस आहे : अनोळखी मजकूर अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने वाचणे आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे.

प्रत्यक्षातील चित्र मात्र चिंताजनक आहे. ग्रामीण भारतातील मुलांच्या घरी जाऊन वाचन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात सरकारी शाळांतील तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा आहे, पण चारपैकी तीन मुले अजूनही मागेच आहेत. पाचवीतही सरकारी शाळांतील ४४.८ टक्केच मुले तो उतारा वाचू शकली. तिसरीत राहिलेली उणीव पुढच्या इयत्तांत आपोआप भरून निघत नाही, हे या दुसऱ्या आकड्यातून दिसते. 'एनसीईआरटी'ने २०२२ मध्ये मराठीसह २० भाषांत घेतलेली पायाभूत अध्ययन चाचणी आणि डिसेंबर २०२४ मधील 'परख' सर्वेक्षण यांनीही मोजमापासाठी तिसरीचा वर्ग निवडला, तो याचसाठी.

वर्षाची सुरुवात कशी होते?

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. २०२५ मध्ये विदर्भ वगळता राज्यातील शाळा १६ जूनला सुरू झाल्या. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. पहिलीतील मुलांचे फुले देऊन स्वागत होते आणि पाठ्यपुस्तके वाटली जातात. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळांत ती मोफत मिळतात.

तिसरीच्या बाईंचे किंवा गुरुजींचे खरे काम त्यानंतर सुरू होते. दीड महिन्याच्या सुट्टीत कोण काय विसरले, हे आधी शोधावे लागते. एकाच वर्गात तीन थर दिसतात. काही मुले गोष्टीचे पुस्तक घडाघडा वाचतात, काही काना-मात्रा असलेले शब्द वाचतात पण जोडाक्षरावर थांबतात आणि काही अजून अक्षरे जुळवत असतात. धडा पहिला सगळ्यांना एकाच दिवशी शिकवला, तर तिसरा गट जूनमध्येच मागे पडतो. त्यामुळे मुलांचे स्तरानुसार गट करून, दिवसातला काही वेळ प्रत्येक गटाला त्याच्या पातळीचे काम दिले जाते. एखादे मूल कधी कोपऱ्यात अक्षरकार्डे लावत बसलेले आणि शेजारचे गोष्ट लिहीत असलेले दिसते, त्याचे कारण हे आहे.

तिसरी ही आणखी एका अर्थाने पहिली पायरी आहे. २०२३-२४ पासून राज्यस्तरावरून प्रश्नपत्रिका येणारी नियतकालिक मूल्यांकन चाचणी सुरू झाली, ती तिसरीपासून. वर्षातून तीनदा, म्हणजे सुरुवातीला पायाभूत, पहिल्या सत्राअखेर संकलित एक आणि वर्षाअखेर संकलित दोन अशा या चाचण्या असतात. भाषा, गणित आणि इंग्रजी हे त्यांचे विषय आहेत.

पावसाळ्यात एक स्थानिक अडचण असते. रायगडला हवामान विभागाचा 'रेड अलर्ट' आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात. जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस येतातच. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन बंधनकारक आहे. म्हणजे सरासरी दिवसाला चार तास. त्यातला एकेक दिवस गेला की गटांचे काम मागे पडते.

वाचनाची गाडी नेमकी कुठे अडते?

'पनवेल' हा शब्द घ्या. त्यात चार अक्षरे आणि एकच मात्रा. दुसरीतले मूल तो सहज वाचते. 'पळस्पे' या शब्दात मात्र 'स्प' हे जोडाक्षर आहे, 'कर्नाळा' आणि 'महामार्ग' यांत रफार आहे. मराठी वाचनाची पायरी इथे एकदम उंच होते. तिसरीत मूल अडते ते बहुधा याच ठिकाणी.

दुसरी अडचण मराठीच्या घडणीतच आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. शाळा, शाळेत, शाळेतला, शाळेतल्यांना अशी एकाच शब्दाची शेपटी वाढत जाते. इंग्रजीत जे दोन-तीन सुटे शब्द असतात, ते मराठीत एका लांब शब्दात येतात. त्यामुळे मराठीत मिनिटाला ६० शब्द वाचणे हे दिसते तितके सोपे लक्ष्य नाही.

तिसरी गोष्ट घरच्या बोलीची. पनवेलच्या ग्रामीण भागात आगरी, कातकरी, ठाकरी बोली घरोघरी आहेत. त्यात आता कामासाठी आलेल्या कुटुंबांची हिंदी आणि भोजपुरी मिसळली आहे. घरी 'पानी' म्हणणारे मूल पुस्तकात 'पाणी' वाचते, तेव्हा ते चुकत नसते. ते दोन भाषारूपे सांभाळत असते. मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात जागा द्यावी आणि तिच्या आधाराने प्रमाणभाषेकडे न्यावे, हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि 'निपुण' या दोहोंचेही सांगणे आहे. बोलीला हसले गेले की मूल मोठ्याने वाचणेच बंद करते आणि न वाचणाऱ्या मुलाची चूक शिक्षकाला कळतच नाही.

म्हणूनच १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन तिसरीसाठी केवळ फोटोचा कार्यक्रम ठरू नये. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची ही जयंती. त्या दिवशी पुस्तकपेटी उघडली जाते. ती पेटी उरलेल्या दिवसांतही उघडी राहते का, हा खरा प्रश्न आहे.

परिसर अभ्यासात पळस्पे कुठे येते?

तिसरीच्या परिसर अभ्यासाचे वेगळेपण पालकांच्या फारसे लक्षात येत नाही. बालभारतीने या विषयाचे पुस्तक जिल्ह्यानिहाय काढले. रायगडच्या मुलाच्या हातात रायगडचा नकाशा येतो. अलिबाग ते पोलादपूर असे पंधरा तालुके त्याला शोधावे लागतात. कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ रोजी 'रायगड' झाले, हे आजी-आजोबांना आठवत असते. त्यामुळे या विषयाचा गृहपाठ घरातल्या वडीलधाऱ्यांकडेच वळतो.

पळस्पेच्या मुलांना तर हा विषय दारातच भेटतो. फाट्यावरून एक रस्ता पुण्याकडे जातो. तो राष्ट्रीय महामार्ग ४८, दिल्ली ते चेन्नई. दुसरा गोव्याकडे वळतो. तो राष्ट्रीय महामार्ग ६६, जो पनवेलहून निघून कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ असे सुमारे १,६०० किलोमीटर अंतर कापून कन्याकुमारीला पोहोचतो. 'आपल्या घरासमोरचा रस्ता कुठे संपतो?' या एका प्रश्नातून दिशा, राज्ये, समुद्रकिनारा, मैलाचे दगड असे धडे निघतात. याच रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रखडले, हेही इथल्या मुलांनी जन्मापासून पाहिले आहे.

गोव्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तिथे झाला. त्याही पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसतो. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता आणि १६७० मध्ये तो स्वराज्यात परत आला. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास वाचताना हे नाव येते तेव्हा, ज्याने तिसरीत तो सुळका पाहिला आहे त्याच्यासाठी तो धडा राहत नाही, ओळखीची जागा होते.

त्याच पायथ्याशी कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये घोषित झालेले हे राज्यातील पहिले पक्षी अभयारण्य. आधी साडेचार चौरस किलोमीटरचे असलेले हे क्षेत्र पुढे १२.११ चौरस किलोमीटरपर्यंत वाढवले गेले. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतील सहलीसाठी पनवेल परिसरातील शाळा ही जागा निवडतात. पक्ष्यांची नावे पाठ करण्यापेक्षा एका पक्ष्याकडे पाच मिनिटे टक लावून पाहणे आणि परत आल्यावर पाच ओळी लिहिणे, हा या सहलीचा अभ्यास. डॉ. सालिम अली यांनी याच रायगड जिल्ह्यातील किहीमला सुगरण पक्ष्याचे जगभर गाजलेले निरीक्षण केले, तेही असेच एका जागी बसून.

गणितात मुले का गोंधळतात?

तिसरीच्या गणितात हातच्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अर्धा-पाव-पाऊण, घड्याळ, नाणी-नोटा आणि मोजमाप येते. यातला सगळ्यात मोठा अडथळा मात्र बेरजेच्या आधीचा आहे : संख्यांची नावे.

मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहायचे असतात. 'एकोणतीस' या शब्दात तीस ऐकू येतात, पण लिहायचे असतात २९. मुले 'ब्याऐंशी' ऐकून २८ लिहितात, त्यामागे हे कारण आहे. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' असे संख्यावाचन दिल्यावर मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचा मुद्दा असा होता की जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसते. आपली परंपरागत नावे सोडण्याचे कारण नाही. पण मूल अडले की 'ब्याऐंशी म्हणजे ऐंशी आणि दोन' असे घरीही सांगता येते. रागावण्यापेक्षा ते अधिक उपयोगी.

वर्गात याच गणिताला व्यवहाराची जोड देण्यासाठी बालबाजार किंवा आनंदमेळावा भरतो. मुले घरून मेथी, कोथिंबीर, वालाच्या शेंगा, भजी, पोहे आणतात आणि शाळेच्या अंगणात दुकान मांडतात. दहा रुपयांच्या दोन जुड्या घेऊन पन्नासची नोट दिली, तर किती परत द्यायचे? गिऱ्हाईक समोर उभे असताना हे करावे लागते. भांडवल किती, विक्री किती, नफा किती हे दुसऱ्या दिवशी वहीत लिहिले गेले, तर बाजार हा गणिताचा तास झाला. लिहिले गेले नाही, तर ती नुसती मजा.

जेवण, परसबाग, आरोग्य तपासणी यांचा अभ्यासाशी काय संबंध?

सकाळी लवकर कामाला निघणाऱ्या घरांतील मुलांसाठी दुपारचे शालेय जेवण हे दिवसातले पहिले पोटभर अन्न असू शकते. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेनुसार प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. शाळेत शिजवलेले अन्नच द्यावे, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला होता.

आज पटावर २५ मुले हजर, तर तांदूळ किती लागेल? अडीच किलो. हा हिशेब शाळेच्या फळ्यावर रोज होतो आणि काही शिक्षक तो तिसरी-चौथीच्या मुलांकडूनच करून घेतात. परसबागेतली भेंडी, पालक, शेवगा त्याच आमटीत जातो. बी रुजणे, ऊन-पाणी, पान-फूल-फळ हा परिसर अभ्यासातला भाग पुस्तकाआधी मातीत शिकला जातो.

वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळेत येते. जंतनाशक दिनी गोळ्या दिल्या जातात. या तपासणीचा वाचनाशी थेट संबंध आहे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेले मूल 'हुशार नाही' या शिक्क्याखाली वर्षभर बसलेले असू शकते. नजर तपासली आणि चष्मा मिळाला की अडचण सुटते. तपासणीच्या कार्डावर काही शेरा असेल, तर पालकांनी तो दुर्लक्षू नये.

दिवाळीनंतर वर्ग का बदलतो?

पनवेल, पेण, खालापूर, कर्जत या पट्ट्यातील वर्गांचा हा सगळ्यात दुखरा भाग आहे. दिवाळीची सुट्टी संपते आणि काही बाक रिकामे राहतात. कातकरी वाड्यांतील कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर, कोळसा भट्ट्यांवर कामाला जातात आणि मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. इतर दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड.

हिशेब सरळ आहे. २०० दिवसांपैकी दुसरे संपूर्ण सत्र, म्हणजे जवळपास निम्मे दिवस बुडाले, तर जूनमध्ये जोडाक्षरापर्यंत आलेले मूल पुढच्या जूनमध्ये पुन्हा अक्षरांवर आलेले असते. तरीही वयानुसार ते चौथीत जाते. अशी तीन वर्षे गेली की ते शाळेत येणेच थांबवते.

उलट बाजूने त्याच काळात नवी मुलेही येतात. विमानतळ, महामार्ग, गृहप्रकल्प, गोदामे यांच्या कामांसाठी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या मजुरांची ही मुले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाने हा ओघ आणखी वाढवला.

कायदा दोन्ही मुलांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश लांबवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारताही येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी राज्यात 'शिक्षण हमी कार्ड'ची सोय आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येते याची त्यावर नोंद असते आणि ते दाखवून जिथे कुटुंब जाईल तिथल्या जवळच्या शाळेत बसता येते. आजी-आजोबांजवळ मूल गावातच राहिले, तर सर्वांत उत्तम. पण ते शक्य नसेल, तर निघण्याआधी शाळेत जाऊन हे कार्ड मागून घेणे पालकांच्या हातात आहे.

इतके 'दिन' साजरे करण्यात अभ्यास बुडतो का?

यादी लांब आहे. योग दिन, आषाढीची दिंडी, स्वातंत्र्य दिन, शिक्षक दिन, गांधी जयंती, वाचन प्रेरणा दिन, बालदिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, प्रजासत्ताक दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. शिवाय केंद्र आणि तालुका पातळीवरच्या क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन आणि २०२४ पासूनचा 'आनंददायी शनिवार'.

छायाचित्रे काढणे, ती अ‍ॅपवर आणि ग्रुपवर चढवणे, माहिती भरणे यात शिक्षकांचा वेळ जातो, ही शिक्षक संघटनांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. दोन शिक्षकी शाळेत तर एक शिक्षक बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग येतात. कायद्यानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे लहान शाळांत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे बसतात.

उपक्रम चांगला की वाईट, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे : त्यात मूल काय बोलले, काय वाचले आणि काय लिहिले? दिंडीत पालखी धरून फोटो काढला आणि संपले, तर तो तास गेला. दिंडीच्या आमंत्रणाची पत्रिका मुलांनी लिहिली, पताका मोजल्या, आळंदी-पंढरपूर नकाशावर शोधले, तर तीन विषयांचा अभ्यास झाला. सावित्रीबाईंवर पाठ केलेले भाषण म्हणण्यापेक्षा, आजीला 'तू शाळेत किती शिकलीस?' असे विचारून चार ओळी लिहिणे तिसरीच्या मुलीला अधिक शिकवते. आपली मुलगी आजीच्या दुप्पट शिकेल की नाही, हा प्रश्न त्या चार ओळींत आपसूक येतो.

प्रगतिपुस्तक कसे वाचावे?

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तिसरी-चौथीत ६० टक्के भार आकारिक आणि ४० टक्के संकलित मूल्यमापनाला असतो. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे : निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राअखेरीची परीक्षा. म्हणजे बालबाजाराची वही, सहलीच्या पाच ओळी आणि परसबागेची नोंद यांनाही गुण आहेत. एप्रिलमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा असते आणि त्याच सुमारास वार्षिक परीक्षा होतात. २०२५ मध्ये राज्यभरातील वेळापत्रक ८ ते २५ एप्रिल असे होते.

प्रगतिपुस्तकात श्रेणी असते. ९१ टक्क्यांपासून वर 'अ-१', ८१ ते ९० 'अ-२' अशी ती खाली उतरत जाते. इथेच पालकांची फसगत होऊ शकते. चांगली वही, पाठ केलेली उत्तरे आणि नियमित हजेरी यांच्या जोरावर बरी श्रेणी मिळालेले मूल अनोळखी पान वाचू शकेलच, असे नाही. शिवाय तिसरीत मुलाला मागे ठेवले जात नाही. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा आणि नापास झाल्यास फेरपरीक्षा आहे. त्यातही अपयश आले तर मूल त्याच वर्गात राहू शकते. त्यामुळे तिसरीत झाकलेली उणीव थेट पाचवीत उघडी पडते, तेव्हा दोन वर्षे निघून गेलेली असतात.

पालकांनी घरी काय करून पाहावे?

यासाठी शिक्षण, पैसा किंवा इंग्रजी लागत नाही. दोन मिनिटे आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते.

मुलाने पूर्वी न वाचलेली, दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. शेजारच्या मुलाचे पुस्तक चालेल. एक मिनिट मोठ्याने वाचू द्या, मध्ये टोकू नका. नंतर शब्द मोजा आणि 'कोण होते, काय झाले, असे का झाले?' हे तीन प्रश्न विचारा. साठच्या आसपास शब्द आणि दोन-तीन बरोबर उत्तरे आली, तर मूल वाटेवर आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांनाही, मूल अडखळते की सलग वाचते आणि गोष्ट सांगू शकते की नाही, हे कळतेच.

दिवाळीच्या सुट्टीत ही चाचणी केली, तर हाती पूर्ण एक सत्र उरते. एप्रिलमध्ये केली, तर फक्त निकाल कळतो. मूल अडखळत असेल, तर रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन, बसवरच्या आणि दुकानांवरच्या पाट्या वाचणे, किराण्याची यादी त्यालाच लिहायला लावणे हे घरचे उपाय. आणि शाळेत जाऊन एकच नेमका प्रश्न विचारावा : 'आमचे मूल वाचनाच्या कोणत्या गटात आहे आणि पुढच्या गटात जायला काय करायचे?' 'अभ्यास कसा आहे?' या प्रश्नाला 'बरा आहे' एवढेच उत्तर मिळते.

पालकांना याहून मोठा अधिकारही आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. रिक्त पद, महामार्ग ओलांडणाऱ्या मुलांची सुरक्षितता, बुडालेले दिवस कसे भरून काढणार, स्थलांतरित मुलांची कार्डे तयार आहेत का, हे विषय या बैठकीत मांडता येतात. बैठकीच्या वहीवर नुसती सही करून घरी येणाऱ्या पालकांचा हा हक्क वाया जातो.

पुढे काय बदलणार?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ मध्ये पहिलीचा अभ्यासक्रम आणि पुस्तके बदलली. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीची पाळी २०२६-२७ मध्ये आहे. शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीऐवजी पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचा निर्णयही २०२५ मध्ये झाला. म्हणजे तिसरी संपवणाऱ्या मुलासमोर पुढच्याच वर्षी पहिली स्पर्धा परीक्षा उभी असेल.

पुस्तके बदलतील, विषयांची नावे बदलतील, चाचण्यांची संख्या कमी-जास्त होईल. पळस्पे फाट्याच्या आजूबाजूला इमारतीही वाढतील. माध्यम बदलायचे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या घरचा निर्णय. पण तो घेण्याआधी तिसरीतल्या मुलाच्या हातात एक अनोळखी पान देऊन पाहावे. ते पान त्याला वाचता आले आणि कळले, तर शाळेने आपले काम केले आहे. आले नाही, तर माध्यम बदलूनही अडचण मुलाबरोबरच नव्या शाळेत जाईल, आणि तिथे ती वेगळ्या भाषेत असेल.